निर्यातीचा करार : माल निघण्यापूर्वीचा कायदा

महाराष्ट्रातील शेतमाल परदेशी बाजारपेठेत जाऊ लागल्याला आता बराच काळ लोटला आहे. द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी केली. पुढे कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. याचा परिणाम असा झाला की, ज्या गावचे व्यवहार पूर्वी बाजार समितीच्या आवारातच पुरे होत, त्या गावातील संचालक मंडळापुढे आज परदेशातील खरेदीदाराचा करार सहीसाठी येऊन पडतो.

बाजार समितीतील व्यवहार आणि हा व्यवहार यांत मूलभूत फरक आहे. बाजार समितीत माल डोळ्यांसमोर असतो, खरेदीदार ओळखीचा असतो, तोलाई समक्ष होते आणि तंटा उपस्थित झाला तर तो मिटविणारी यंत्रणा जवळच असते. परदेशी व्यवहारात विक्रेता व खरेदीदार यांची कित्येकदा भेटही झालेली नसते. माल ज्याने पिकविला त्याच्या हातून तो वाहतूकदार, बंदर, जहाज कंपनी, परदेशी गोदाम अशा अनेक हातांतून जातो आणि दोन देशांच्या कायद्यांखाली येतो. अशा व्यवहारात विक्रेत्याचा हक्क शेवटी कागदावर लिहिलेल्या शब्दांतच उरतो. हे शब्द माल निघण्यापूर्वी लिहावे लागतात. माल बोटीवर चढल्यानंतर ते बदलणे विक्रेत्याच्या हाती राहत नाही. म्हणूनच या कायद्याची ढोबळ ओळख गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे ठरते.

कायद्याचे तीन थर

परदेशी व्यापाराशी संबंधित कायद्यांचे तीन थर कल्पावेत. पहिला थर राष्ट्राराष्ट्रांमधील करारांचा होय. १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेचे नियम या थरात येतात. आयातशुल्क, अन्नाची सुरक्षितता, वनस्पतींचे आरोग्य यांबाबत सरकारांनी काय करावे हे ते सांगतात. एखाद्या शेतकऱ्याचे पैसे परदेशात अडकले, तर या नियमांखाली त्याला स्वतः दाद मागता येत नाही.

दुसरा थर सरकार व निर्यातदार यांच्यातील संबंधांचा. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ खाली आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली शिपिंग बिल दाखल करावे लागते. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ खाली निर्यातीची रक्कम ठरवून दिलेल्या मुदतीत देशात आणणे हे निर्यातदाराचे कर्तव्य असते. खरेदीदाराने पैसे बुडविले तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांतून निर्यातदाराची आपोआप सुटका होत नाही. त्याला आपल्या बँकेमार्फत मुदतवाढ किंवा सूट मागावी लागते.

तिसरा थर विक्रेता व खरेदीदार यांच्यातील कराराचा होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि मालविक्री अधिनियम, १९३० हे आपल्याकडील या विषयाचे पायाभूत कायदे आहेत. या कायद्यांतील बहुतेक नियम, पक्षकारांनी करारात वेगळे काही ठरविले नसेल तर लागू होतात. याचा अर्थ असा की, करारात जे लिहिले असेल त्याला प्रथम मान मिळतो. पहिल्या दोन थरांची माहिती शासकीय कार्यालयांतून सहज मिळते. तिसऱ्या थराकडे मात्र दुर्लक्ष होते आणि नुकसान बहुधा तेथेच होते. या थरातील महत्त्वाचे प्रश्न एका उदाहरणाच्या आधारे पाहता येतील. निफाड तालुक्यातील एक उत्पादक कंपनी रॉटरडॅम येथील आयातदाराला द्राक्षांचे कंटेनर विकते, अशी कल्पना करावी.

कोणत्या देशाचा कायदा लागू होणार?

विक्रेता भारतात आणि खरेदीदार नेदरलँड्समध्ये असेल, तर या कराराला कोणता कायदा लागू होईल? पक्षकारांनी करारात एखाद्या देशाचा कायदा स्पष्टपणे निवडला असेल, तर न्यायालये सामान्यतः ती निवड मान्य करतात. करार याबाबत मुका असेल, तर ज्या न्यायालयापुढे प्रकरण जाते ते आपल्या नियमांनुसार ही गोष्ट ठरवते. तंट्याच्या मुख्य मुद्द्याला हात घालण्यापूर्वीच या एका प्रश्नावर वेळ व पैसा खर्ची पडतो.

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांमुळे व्यापाराला होणारा अडथळा कमी व्हावा, या हेतूने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याविषयी एक आयोग नेमला. या आयोगाच्या प्रयत्नांतून ११ एप्रिल १९८० रोजी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय मालविक्री कराराविषयीचा अभिसंधी मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अंमलात आला. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, चीन, अमेरिका यांसह ९० हून अधिक देश त्यात सामील आहेत. भारत आणि ब्रिटन मात्र त्यात सामील झालेले नाहीत.

वरील उदाहरणातील करारात ‘नेदरलँड्सचा कायदा लागू होईल’ असे एकच वाक्य असेल, तर त्याबरोबर व्हिएन्ना अभिसंधीचे नियमही लागू होतात. कारण तो अभिसंधी त्या देशाच्या कायद्याचाच भाग आहे. ते नको असतील, तर तसे करारात स्पष्ट लिहावे लागते. या अभिसंधीतील काही नियम विक्रेत्याच्या सोयीचेही आहेत. उदाहरणार्थ, मालात दोष आढळल्यास खरेदीदाराने तो वाजवी वेळेत, दोषाचे स्वरूप सांगून विक्रेत्याला कळविला पाहिजे. तसे न केल्यास तो आपला हक्क गमावतो. द्राक्षांसारख्या नाशवंत मालात हा ‘वाजवी वेळ’ फारच थोडा असू शकतो. परंतु तो किती, यावर पुढे वाद नको असेल तर ‘कंटेनर उघडल्यापासून इतक्या तासांत, छायाचित्रांसह आणि स्वतंत्र तपासनीसाच्या अहवालासह’ असे करारातच नमूद करणे श्रेयस्कर.

जोखीम कोठे बदलते?

माल बागेतून निघाल्यापासून परदेशी गोदामात पोहोचेपर्यंत तो कोणत्याही टप्प्यावर खराब होऊ शकतो. त्या क्षणी नुकसान कोणाचे, हा या व्यवहारातील दुसरा प्रश्न होय. मालविक्री अधिनियमाचा सर्वसाधारण नियम असा की, जोखीम मालकीबरोबर जाते. तथापि, परदेशी व्यापारात मालकीपेक्षा हस्तांतराचे ठिकाण अधिक स्पष्टपणे ठरविण्याची प्रथा आहे. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने त्यासाठी १९३६ मध्ये काही ठरावीक संज्ञांचा संग्रह प्रसिद्ध केला. ‘इनकोटर्म्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहाची २०२० ची आवृत्ती सध्या प्रचलित असून तीत ११ संज्ञा आहेत.

यांपैकी एफ. ओ. बी. या संज्ञेखाली माल ठरलेल्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते आणि पुढील भाडे खरेदीदार भरतो. सी. आय. एफ. या संज्ञेखाली मुक्कामाच्या बंदरापर्यंतचे भाडे व विमा विक्रेता भरतो. येथे अनेकांचा गैरसमज होतो. विक्रेता मुक्कामापर्यंतचे भाडे भरतो म्हणून जोखीमही मुक्कामापर्यंत त्याचीच, असे समजले जाते. प्रत्यक्षात या संज्ञेखालीही जोखीम माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. खर्च व जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंटेनरमधील मालाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. विक्रेता कंटेनर न्हावा शेवा येथील आवारात वाहतूकदाराच्या स्वाधीन करतो. तो जहाजावर चढतो काही दिवसांनी. एफ. ओ. बी. करारात या मधल्या काळातील जोखीम विक्रेत्याकडेच राहते, पण मालावर त्याचा ताबा नसतो. शीतकरणाचा वीजपुरवठा खंडित झाला, तर तोटा विक्रेत्याचा. म्हणून कंटेनरमधील मालासाठी, वाहतूकदाराच्या स्वाधीन करताच जोखीम संपविणारी एफ. सी. ए. ही संज्ञा अधिक योग्य मानली जाते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपकडे जाणारी बहुतेक कंटेनर जहाजे सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. २०२४ च्या द्राक्ष हंगामात त्यामुळे प्रवासाचे दिवस व भाडे दोन्ही वाढले. वाढलेल्या भाड्याचा बोजा कोणावर आणि उशिरामुळे उतरलेल्या प्रतीचा तोटा कोणाचा, याचे उत्तर प्रत्येक करारातील संज्ञेवर अवलंबून होते. विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी येथे सावध असावे. सागरी विमा अधिनियम, १९६३ नुसार केवळ विलंबामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई, विमापत्रात वेगळी तरतूद नसेल तर, विमा कंपनी देत नाही.

करारात एफ. ओ. बी. लिहून पुढे ‘किंमत माल पोहोचल्यावर, तेथील बाजारभावाप्रमाणे ठरेल’ असे कलम घातले, तर पहिल्या शब्दाचे संरक्षण दुसऱ्या वाक्याने नाहीसे होते. जोखीम कागदावर खरेदीदाराची, पण किंमत घसरल्याचा तोटा उत्पादकाचा, अशी स्थिती होते. सही करणाऱ्याने ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पैसे आणि कागद

तिसरा प्रश्न पैशांचा. आगाऊ रक्कम मिळाली तर विक्रेता निर्धास्त असतो. उधारीवर माल दिला तर सर्व भार खरेदीदाराच्या नीतीवर पडतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे पतपत्र, अर्थात लेटर ऑफ क्रेडिट. यात खरेदीदाराची बँक असे वचन देते की, ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत सादर झाल्यास ती रक्कम अदा करील. पतपत्रांचे नियमही आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने तयार केले असून त्यांची १ जुलै २००७ पासून अंमलात आलेली आवृत्ती सध्या चालू आहे. या नियमांनुसार बँकेला कागद तपासण्यासाठी जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. मूळ वाहतूकपत्र सादर करावयाचे असेल, तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत आणि पतपत्राची मुदत संपण्यापूर्वी ते सादर करावे लागते.

या पद्धतीचे मर्म एकाच वाक्यात सांगता येईल : बँकेचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नसतो. याचे एक प्रसिद्ध उदाहरण भारतीय भुईमुगाचेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासेहून डेन्मार्ककडे जाणाऱ्या भुईमुगासाठी लंडनच्या एका बँकेने पतपत्र उघडले होते. पतपत्रात मालाचे वर्णन ‘कोरोमंडल भुईमूग’ असे होते. जहाज कंपनीच्या कागदात मात्र ‘यंत्राने सोललेले भुईमुगाचे दाणे’ असे लिहिले होते. व्यापारात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होतो, हे साक्षीदारांनी सांगितले. तरीही बँकेने रक्कम देण्याचे नाकारले आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बँकेचा पक्ष उचलून धरला. प्रत्येक व्यापारातील बोलीचे ज्ञान बँकेला असावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. माल उत्तम होता, तोच माल होता, केवळ नाव वेगळे पडले.

आपल्या उदाहरणातील उत्पादक कंपनीच्या दृष्टीने याचा बोध स्पष्ट आहे. पतपत्र हाती येताच ते शब्दशः वाचावे. वाण, पेटीचे वजन, पेट्यांची संख्या, बंदराचे नाव, शेवटची तारीख यांपैकी काही पाळता येण्याजोगे नसेल, तर माल तोडण्यापूर्वीच दुरुस्ती मागावी. बीजक, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, उगम प्रमाणपत्र आणि जहाज कंपनीचा कागद या सर्वांवर एकमेकांशी आणि पतपत्राशी जुळणारे वर्णन यावे.

जहाज कंपनीने दिलेला कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. तो माल मिळाल्याची पावती असतो, वाहतूक कराराचा पुरावा असतो आणि मालाच्या हक्काचा दस्तऐवजही असतो. या कागदाविषयीचा १८५६ चा आणि समुद्रमार्गे मालवाहतुकीविषयीचा १९२५ चा असे दोन ब्रिटिशकालीन कायदे आपल्याकडे दीर्घकाळ लागू होते. संसदेने २०२५ मध्ये त्यांची जागा घेणारे नवे अधिनियम संमत केले.

हा कागद कोणाच्या नावाने करून घ्यावा, याला फार महत्त्व आहे. तो विक्रेत्याच्या आदेशाप्रमाणे माल देण्याजोगा असेल, तर मालाच्या विल्हेवाटीचा हक्क विक्रेत्याने राखून ठेवला आहे, असे मालविक्री अधिनियमाचे कलम २५ प्रथमदर्शनी मानते. पैसे न देता खरेदीदाराला माल उचलता येत नाही. उलट तो थेट खरेदीदाराच्या नावे केला आणि पैसे मिळण्यापूर्वीच पाठवून दिला, तर विक्रेत्याच्या हातातील शेवटचे साधन गेले असे समजावे. खरेदीदार नादार झाल्यास वाटेतील माल थांबविण्याचा हक्क त्याच अधिनियमाने दिला आहे. परंतु खरेदीदाराने तो कागद मोबदला घेऊन एखाद्या प्रामाणिक तिऱ्हाइताला हस्तांतरित केला असेल, तर त्या तिऱ्हाइताविरुद्ध हा हक्क चालत नाही.

मालाचा दर्जा कोणाच्या मापाने?

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांना एक कटू अनुभव आला. युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ही मर्यादा दर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. माल नाकारला गेला, भाव कोसळले आणि अनेकांची रक्कम अडकली. विशेष म्हणजे निर्यातीपूर्वी होणाऱ्या येथील तपासणीच्या यादीत त्या वेळी या रसायनाचा समावेश नव्हता. त्यामुळे भारतातील तपासणी उत्तीर्ण झालेला मालही तिकडे अडला. पुढे तपासणीची यादी वाढविण्यात आली. ‘अपेडा’ने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेमुळे पेटीवरून बागेपर्यंत माग काढण्याची सोय तत्पूर्वीच झाली होती.

कराराच्या दृष्टीने या घटनेतून एक प्रश्न पुढे येतो. आयात करणाऱ्या देशाच्या नियमात माल न बसल्यास तोटा कोणी सोसावा? करारात ‘माल युरोपीय संघाच्या सर्व नियमांनुसार असेल’ असे विक्रेत्याने लिहून दिले असेल, तर त्याला हात झटकता येत नाहीत. ‘माल अमुक प्रयोगशाळेच्या, अमुक यादीनुसार केलेल्या तपासणीत उत्तीर्ण झालेला असेल आणि तो अहवाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील’ असे लिहिले असेल, तर विक्रेत्याची स्थिती बरीच बळकट होते. खरेदीदार दुसरे वाक्य सहजासहजी मान्य करीलच असे नाही. तरीही आपण कोणते वाक्य स्वीकारीत आहोत आणि त्यापोटी किती जोखीम घेत आहोत, याची जाण संचालक मंडळाला असली पाहिजे. पहिले वाक्य स्वीकारले, तर सभासदाने बागेत काय फवारले याच्या नोंदीही कराराचाच भाग झाल्या असे मानून त्या ठेवाव्या लागतात.

सरकारी बंदी आली तर?

निर्यातीचा करार झाल्यानंतर शासनाने त्या मालाच्या निर्यातीवर बंदी घातली, तर कराराचे काय होते? हा प्रश्न कांदा उत्पादकांना नवा नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी लागू झाली आणि ४ मे २०२४ रोजी ती उठविण्यात आली. ज्या मालाची जहाजावर चढाई आधीच सुरू झाली होती किंवा जो सीमाशुल्क खात्याच्या स्वाधीन झाला होता, त्याला सवलत मिळाली. बाकीचे करार अडकून पडले.

करार अधिनियमाच्या कलम ५६ नुसार, करारानंतर एखादी कृती अशक्य किंवा बेकायदेशीर झाली तर तो करार शून्य ठरतो. अशा वेळी एखाद्या पक्षाने कराराखाली आगाऊ रक्कम घेतली असेल, तर कलम ६५ नुसार ती परत करावी लागते. बंदी आल्यास करार रद्द होईल, असे पक्षकारांनी आधीच लिहून ठेवले असेल, तर कलम ३२ लागू होते.

या कलमांचा कस लावणारे एक प्रकरण चाळीस वर्षे चालले. राष्ट्रीय कृषी सहकारी विपणन महासंघ, म्हणजेच नाफेड, आणि अलिमेंटा ही स्वित्झर्लंडमधील कंपनी यांच्यात जानेवारी १९८० मध्ये ५,००० टन निवडक भुईमूग दाण्यांचा करार झाला. नाफेडने १,९०० टन माल पाठविला. वादळाने पिकाचे नुकसान झाल्यामुळे उरलेले ३,१०० टन पाठविता आले नाहीत. ते पुढील हंगामात पाठविण्याचे उभयतांनी लिहून ठेवले. परंतु मागील वर्षाचा कोटा पुढे नेण्यास केंद्र सरकारने परवानगी नाकारली. तंटा लंडनच्या लवादापुढे गेला आणि निवाडा नाफेडच्या विरुद्ध झाला. त्याच्या अंमलबजावणीचा वाद भारतातील न्यायालयांतून चालत राहिला. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शासकीय मनाई आल्यास करार रद्द होईल असे कलम मूळ करारातच होते. त्यामुळे तो कलम ३२ खाली संपुष्टात आला आणि हा निवाडा भारतात अंमलात आणता येणार नाही. परकीय निवाडे नाकारण्याची कक्षा या निर्णयाने रुंदावली, अशी टीका काही कायदेपंडितांनी केली.

टीकेचा भाग सोडला, तरी दोन धडे उरतात. शासकीय मनाईचे कलम करारात होते, म्हणूनच नाफेडला बचाव करता आला. दुसरे असे की, मुदत वाढविण्याची पुरवणी लिहून देताना त्यासाठी लागणारी परवानगी मिळेल की नाही, याचा विचार आधी व्हावयास हवा होता. एका ओळीच्या अटीने, ‘शासकीय परवानगी मिळाल्यास’ एवढ्याच शब्दांनी, दीर्घ वादाचे एक कारण कमी झाले असते.

तंटा कोठे मिटवावा?

करारात सर्वांत शेवटी येणारे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे कलम तंट्याचे असते. नाशिकच्या न्यायालयाने रॉटरडॅमच्या खरेदीदाराविरुद्ध हुकूमनामा दिला, तरी तो थेट नेदरलँड्समध्ये बजावता येत नाही; कारण हुकूमनाम्यांच्या परस्पर अंमलबजावणीची व्यवस्था त्या देशाशी झालेली नाही. लवादाच्या निवाड्याची गोष्ट वेगळी आहे. परकीय लवाद निवाड्यांची मान्यता व अंमलबजावणी यांविषयीचा न्यूयॉर्क अभिसंधी १९५८ मध्ये झाला. भारताने त्यास १९६० मध्ये मान्यता दिली आणि आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. म्हणून मुंबईत झालेला निवाडा परदेशात अंमलात आणणे तुलनेने सुकर असते.

भारतात या विषयाचा कायदा म्हणजे लवाद व सलोखा अधिनियम, १९९६. महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने व व्यापार आणि विधी क्षेत्रांच्या सहभागाने मुंबईत २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले आहे. लवादाचे कलम लिहिताना लवादाचे स्थान, संस्था, लवादांची संख्या, भाषा आणि लागू होणारा कायदा या पाच गोष्टी नमूद कराव्यात. ‘तंटा आपसात मिटवावा’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय.

तथापि, लवादाचा खर्च हलका नसतो. एक-दोन कंटेनरच्या रकमेसाठी परदेशी शहरात लवाद चालविणे छोट्या संस्थेला परवडत नाही. तिच्यासाठी तंटा जिंकण्यापेक्षा तो उद्भवू न देणे महत्त्वाचे. काही रक्कम आगाऊ घेणे, उरलेल्या रकमेसाठी पतपत्र घेणे आणि निर्यात पत विमा उतरविणे हे तिचे खरे संरक्षण होय. हा विमा देणारे निर्यात पत हमी महामंडळ १९५७ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. मालाच्या दर्जाविषयीचा वाद मात्र या विम्यात सामान्यतः येत नाही. त्यासाठी तपासणीचे कलमच कामी येते.

गावपातळीवरील कर्तव्य

या विषयात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कृषी किंवा सहकार खात्यातील अधिकारी यांनी वकील व्हावे, अशी अपेक्षा नाही. परंतु पहिला सल्ला बहुधा त्यांनाच विचारला जातो. परदेशी करार इंग्रजीत असतो आणि हंगामाच्या घाईत त्यावर सही होते. अशा वेळी पुढील प्रश्न विचारले गेले, तरी पुष्कळ हानी टळू शकेल. लागू कायदा कोणत्या देशाचा? जोखीम कोणत्या ठिकाणी बदलते? किंमत आधी ठरली आहे की माल पोहोचल्यावर ठरणार? पैसे कोणत्या कागदांवर आणि किती दिवसांत मिळणार? दर्जा कोण, कोठे व कोणत्या यादीनुसार तपासणार? शासकीय बंदी आल्यास काय? तंटा कोठे चालणार?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर करारात सापडत नसेल, तर सही थांबवावी आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा. शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून अशा कराराचे मराठी टाचण करून घेणे हा वाणिज्य विषयाचा उत्तम पाठ होऊ शकेल. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेत करारातील मुख्य अटी मराठीतून वाचून दाखविण्याची प्रथा पडल्यास सभासदांचा विश्वासही वाढेल. सभासदाची द्राक्षे एकदा समुद्रावर गेली की, त्यांच्या वतीने बोलणारा तो करारच असतो. त्यात काय लिहिले आहे, हे ज्याने ती पिकविली त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.